ढोल वाजला की परकर

मुलगी दुपारी पलंगावर लोळत तिचं ते जपानी ॲनिमे बघते. शेकडो भाग झाले, अजून संपत नाही. मी पडद्याकडे पाठ करून मशीनवर शिवत बसते. भाषा कळत नाही, त्यामुळे माझ्यापर्यंत पोचतं ते फक्त मागचं संगीत.

तेवढं पुरतं. ढोल सुरू झाले की मारामारी; तेव्हा मी परकराच्या लांब, सरळ शिवणी घेते, पाय आपोआप पळतो. एकटी बासरी लागली की कुणाला तरी लहानपण आठवतंय. मग ब्लाउजला हूक लावते. कुणी लढताना कोसळला की खालच्या सुरातून एक धून वर येते आणि तो उठतो. रडायचं की पळायचं, हे आपल्यासाठी असं मागून कुणीतरी ठरवत असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

काल ती धून आलीच नाही. माझा पाय पायडलवर थांबला.

"कुणी गेलं का गं?"

"त्याचे गुरू. पण तू तर बघतही नव्हतीस."

"ती उठायची धून वाजली नाही."

ती डोळे पुसत हसली. "परवा मावशीच्या घरी बघत होते ना, तेव्हा मारामारी अगदीच फिकी वाटली. मग लक्षात आलं, मागे तुझं मशीन वाजत नव्हतं."

गुरू गेलेत म्हणजे आता मोठी लढाई होणार. हातातला ब्लाउज बाजूला ठेवला आणि ढोल सुरू व्हायच्या आधीच परकर सुईखाली घेतला.