सात पंजे

घरात कणगीभर ज्वारी आणि सासरे एका भाकरीसाठी झुरत होते, हे ऐकून आजची पोरं माझ्या सासूला कैदाशीण म्हणतील. म्हणू देत. मीही मनातल्या मनात म्हटलंच होतं.

ती ज्वारी आमच्या एकट्याची नव्हती. बेंबळीजवळच्या आमच्या गावात बौद्ध वस्तीतल्या सात घरांचं बियाणं एकाच कणगीत ठेवायची रीत होती. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून कणगी भरायची, तोंड शेणामातीनं लिंपायचं आणि ओल्या लिंपणावर सात घरच्या सात बायांनी आपापला पंजा उठवायचा. फोडायची ती पेरणीला, सातही जणी समोर असताना. कुलूप नाही, कागद नाही. आमच्या घरचा पंजा सासूचा. कणगी आमच्याकडं, कारण वस्तीत आमचंच घर गळत नव्हतं. बाहत्तरच्या दुष्काळात कुणाचंच गळलं नाही.

त्या साली पेरणी झालीच नाही. आम्ही सासू-सुना पाझर तलावाच्या कामावर माती वाहायचो आणि रेशनवर मिळणारी अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो, खायचो. सासऱ्यांना तो मिलो सोसेना, पोटात काही ठरेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो आमच्याकडं बाजेवर येऊन पडला होता. उन्हाळ्यात त्यांचं बोलणं कमी झालं. उरलं ते एवढंच, "आपल्या जवारीची एक भाकर दे गं. एकच."

"त्ये बियाणं हाय. तुमाला ठावं हाय न्हवं?" सासू म्हणायची.

"व्हय," ते म्हणायचे. आणि घटकाभरानं पुन्हा मागायचे.

चार दिवस ऐकलं. मग मला राहवेना. कामावरून येताना मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, सगळ्यांना विचारून बघू का? कुणी न्हाय म्हणायच्या न्हाईत."

"म्हणूनच इचारायचं न्हाय," ती म्हणाली. "आज माझ्या माणसासाठी फोडली, की उद्या कुणाच्या लेकरासाठी फोडावी लागंल. मग पेरायचं काय?"

सासरे त्याच आठवड्यात गेले. मला रडू आलं नाही. सासूचा राग यायला हवा होता, तोही आला नाही. झोप मात्र खूप यायची. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी घमेली घेऊन पुन्हा कामावर गेलो. धम्म घेतल्यापासून वस्तीनं कावळ्याला घास ठेवणं सोडलं होतं. मला ते बरंच वाटलं. ठेवायला तरी मिलोच होता.

पुढं पाऊस झाला. रब्बीच्या पेरणीला सहाजणी आमच्या घरी आल्या, सातवी सासू. रीतीप्रमाणं एकेकीनं वाळलेल्या लिंपणातल्या आपल्या पंज्यावर हात ठेवून बघितला. सगळ्यांचे हात इतके हडकले होते की पंजा मोठा आणि हात लहान. एकजण हसली. सासूनं लिंपण फोडलं आणि शेरानं मापून सातही घरांना सारखं वाटलं.

कणगीच्या तळाला राख उरली होती. सासूनं ती सुपात घेऊन अंगणात पाखडली. राख उडून गेली आणि सुपात ओंजळ-दोन ओंजळी ज्वारी राहिली. एका भाकरीपुरती. आम्हा सगळ्यांना ते दिसलं.

त्यातली एक म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे ती तुमच्याकडंच."

सासू सुपाकडं बघत राहिली. मग खाली बसून तिनं बोटानं त्या ज्वारीचेही सात वाटे केले. आमचा वाटा मूठभरसुद्धा नव्हता. तो मी पदरात घेतला आणि तिच्या मागून रानात गेले.