विसाव्या मशिनवरचा गणपती

एकोणीस स्क्रीन काळे. प्रत्येकावर इंग्रजीत एकच ओळ, ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही. विसावं मशीन मात्र व्यवस्थित चालू. सकाळचे साडेनऊ झालेले, आणि अकराला सरकारी कर्मचाऱ्यांची कॉम्प्युटरची परीक्षा. ती झाली नाही तर सेंटर जाणार, आणि सेंटरबरोबर मी.

महाडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी मशिनं सांभाळायचो. घर हिंगोलीकडे, शाळा नववीत सुटलेली, राहायला बिरवाडीत खोली. क्लासच्या मालकांनी, साळवी सरांनी, मार्कशीट न मागता कामावर ठेवलं होतं. त्यामुळे त्यांनी नुसतं "जरा इकडे ये" म्हटलं तरी मला वाटायचं, गेली नोकरी.

आमच्या मशिनांना हार्ड डिस्कच नव्हती. स्वस्त पडायचं. बटण दाबलं की मशीन वायरीतून सर्व्हरकडे विंडोज मागायचं, सर्व्हर द्यायचा. याला नेटवर्क बूट म्हणतात. कुणाकडे मागायचं हे बायोसला ठाऊक असतं. बायोस म्हणजे मशिनमध्ये सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम.

तो बायोस मी आदल्या दिवशी अपडेट केला होता. कोणी सांगितलं नव्हतं. सप्लायरची फ्लॉपी आली होती, वाटलं, परीक्षेआधी काहीतरी जास्तीचं करून ठेवावं. एक झालं की बंद, मग पुढचं. पुन्हा चालू करून एकही बघितलं नाही. विसावं तेवढं सोडलं, कारण त्याच्या फ्लॉपीच्या तोंडाशीच गणपतीचा फोटो टेकवलेला होता, वर ताजा हार. हलवायचा धीर झाला नाही.

झाडलोट करणाऱ्या पार्वतीबाई तुडीलच्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून निकाल दिला.

"त्याच्यावर देव हाय म्हून चालतंय. बाकीच्यांना कोण हाय?"

सरांना पटलं. त्या सकाळी त्यांना काहीही पटलं असतं. त्यांनी बाईंना एकोणीस फोटो आणायला बाजारपेठेत पिटाळलं.

तेवढ्यात पोलादपूरचे एक तलाठी आले. नापास झाले तर वेतनवाढ अडकणार होती. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि सरळ विसाव्या मशिनसमोर जाऊन बसले.

आता मला तेच मशीन हवं होतं. त्यातलं जुनं सेटिंग बघितलं की बाकीच्यांत काय बदललं ते कळणार होतं. पण सेटिंग बघायचं तर मशीन बंद करून चालू करावं लागतं.

"भाऊसाहेब, दोन मिनिटं उठता का?"

"का म्हणून? तुमच्याकडे आणखी एकोणीस आहेत की."

सर धावत आले. "त्याला हात लावायचा नाही. ते एकच जिवंत आहे."

"सर, बंद करावं लागेल."

"कशाला?"

खरं सांगितलं तर नोकरी जाणार होती. पण कारण सांगितल्याशिवाय सर ते बंद करू देणार नव्हते.

"बाकीची मी बिघडवलीत, सर. काल." आणि सगळं सांगितलं.

सरांनी घड्याळ बघितलं. मग तलाठ्यांना म्हणाले, "भाऊसाहेब, उठा."

मशीन बंद केलं, चालू करताना डिलीट की दाबून बायोसमध्ये शिरलो. तिथे लॅन बूट, म्हणजे तेच नेटवर्क बूट, चालू होतं. बाकीच्यांत बघितलं तर बंद. अपडेटने सगळी सेटिंग कंपनीतून आली तशी केली होती, आणि बिचारी मशिनं नसलेल्या हार्ड डिस्कला हाका मारत बसली होती. एकेकाला दोन मिनिटं. चौथ्यावर होतो तेव्हा पार्वतीबाई फोटो घेऊन आल्या. मी मशीन चालू करायचो, त्या मागोमाग फोटो ठेवायच्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "लगेच गुण आला."

मी मान डोलावली.

पावणेअकराला वीसच्या वीस चालू. तलाठी पास झाले. संध्याकाळी सरांनी "जरा इकडे ये" म्हटलं. मी खोलीवरचं सामान किती पिशव्यांत मावेल याचा हिशेब करतच गेलो.

"सेटिंगचं सगळं कागदावर लिहून भिंतीला लाव. उद्या तू आजारी पडलास तर मी काय करू?"

कागद लावला. खाली माझ्यासाठी एक ओळ जादा लिहिली: अपडेट आधी एकाच मशिनवर करावा, ते बंद करून चालू करावं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी नुसती फरशी पुसावी.