वहिनींनी धुतलेली साडी

मला जायचंच नव्हतं. पण ह्यांच्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसनं काम वेळेत झालं म्हणून बक्षीस दिलं, दोघांची स्पेनची ट्रिप, विमान हॉटेल सगळं, आणि हे म्हणाले, लग्न झाल्यापासून तुला वेम्बलीच्या पुढे नेलं नाही, आता नाही म्हणू नकोस. छकुली माझी सहा महिन्यांची, अंगावर पिणारी. बाटली दिली की जिभेनं बाहेर ढकलायची. आम्ही तिकडे विलायतेत मोठ्या दीर-जावेच्या घरात राहायचो. जाऊबाईंना मी वहिनीच म्हणायचे. त्या म्हणाल्या, "दोन पोरं वाढवलीत मी या थंडीत. भूक लागली की गुमान पिईल. जा तुम्ही."

निघताना मी एक केलं. रोज नेसून नेसून मऊ झालेली माझी सुती साडी, दुधाचे डाग पडलेली, न धुता तशीच पाळण्यात ठेवली. आई सांगायची, लेकराला सोडून जायची वेळ आली तर नेसूचं त्याच्याजवळ ठेवावं, वासावर निजतं ते. वहिनी मशीन लावत होत्या. मी म्हटलं, "ही तिच्यापाशीच असू द्या हं." त्या मशीनकडे बघतच हो हो म्हणाल्या.

आव्हिला नावाचं गाव. सगळं गाव दगडी तटाच्या आत, बुरुजामागून बुरुज, आत जायला मोठमोठ्या वेशी. हे खूश. "बघ, आपल्या किल्ल्यासारखं, पण सगळं धड उभं!" मी कुठली बघतेय, विमानातच दूध भरून आलेलं, छाती दगडासारखी झालेली, हात लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. हॉटेलात शिरल्या शिरल्या बेसिनशी उभं राहून पिळून काढलं, आणि ते खाली वाहून जाताना बघून मला रडू फुटलं. माझ्या लेकीचं जेवण ते.

बाहेर पडलो तर बुरुजावर लांब पायांचे पांढरे पक्षी घरटी करून बसलेले. हे म्हणाले, "अगं ती बघ, पिल्लाला भरवतेय!" आणि लगेच जीभ चावली.

संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवरून घरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "सगळं छान आहे. तू मजा कर." मागून रडणं ऐकू येत होतं. हट्टाचं नाही. रडून रडून आवाज बसतो ना, तसं.

"प्यायली का?"

"पिईल."

"म्हणजे नाही प्यायली?"

"चमच्यानं पाणी घेतलंय थोडं. अगं, तू काय स्पेनमधून पाजणारेस?"

"साडी आहे ना जवळ?"

"ती मळकी? शी, किती आंबली होती! तुमची टॅक्सी गेल्या गेल्या धुवायला टाकली. लॅव्हेंडरचं कंडिशनर घालून. काय मस्त वास येतोय आता!"

फोन ह्यांच्या हातात दिला आणि मी पळत सुटले. कुठे ते मला माहीत नव्हतं. उतारानं खाली, दगडांवरून घसरत, अंधारायच्या आत वेशीतून बाहेर पडायचं एवढंच डोक्यात. दारं लावून घेतली तर? लहानपणी शाळेत ऐकलेली गवळणीची गोष्ट, गडाचे दरवाजे मिटले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेली ती. वेशीत पोचले तर तिथे दारच नव्हतं. गाड्या आरामात येत-जात होत्या. मला कुणी अडवलं नव्हतं, आणि तरी जाता येत नव्हतं. मध्ये समुद्र.

हे धापा टाकत आले.

"अहो, घरी चला."

"विमान परवाचं आहे. बदलून देत नाहीत. आत्ताच काउंटरवर विचारलं मी."

"मरेल हो ती!"

"गप. असं बोलू नको." मग म्हणाले, "तुझं दुसरं काही नाही का घरी? न धुतलेलं?"

आणि मला आठवलं. स्वयंपाकघराच्या दारामागचं माझं मरून कार्डिगन. रांधताना तेच, पाजताना तेच. वहिनी त्याला फोडणीचं कार्डिगन म्हणायच्या.

परत पळालो. परत घरी फोन लावला.

"ते? अगं ते मी कचऱ्याच्या बिनमध्ये टाकायला काढलंय."

"पाया पडते वहिनी, ते अंगात घाला. घालून घ्या तिला मांडीवर, मग बाटली द्या."

"ते कळकट? तिला इन्फेक्शन..."

"घाला म्हणते ना!"

मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. काउंटरवरची बाई दचकून बघायला लागली. तिकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग नुसतं रडणं, लांब, जवळ, परत लांब. मग ते थांबलं. मला कळेना, पितेय की दमून पडली. मी फोन कानात रुतवून उभी. वहिनी, वहिनी म्हणत राहिले, कुणी बोलेना.

मग वहिनी कुजबुजल्या, "हळू बोल. पितेय. डोळे मिटून पितेय बघ."

डोळे मिटून. तिला मीच वाटत होते.

आणि तिथेच मला पान्हा फुटला. ड्रेस पुढून ओला होत गेला, सगळ्यांदेखत, थांबेचना. ह्यांनी अंगातला कोट काढला आणि माझ्या पुढून धरून उभे राहिले.