सुखदेवबुवांचं पान

हे मी बायकोजवळही बोललेलो नाही. तुमच्याजवळ का बोलतोय — मलाच कळत नाही.

आमचं गाव सिंदी रेल्वे स्टेशनाजवळ. गावात कापसाचं जिन होतं, रुई आणि सरकी वेगळी करायची गिरणी. दिवाळी सरली की बैलबंड्यांची रांग पार नाल्यापर्यंत जायची. संध्याकाळी भोंगा झाला की कामाच्या बाया बाहेर पडायच्या, केसांत, भुवयांत रुई. तरण्या पोरी एकमेकींना 'सासूबाई' म्हणून चिडवत घरी जायच्या. आजही आठवलं की नाकात सरकीचा तेलकट वास भरतो.

जिन बंद पडलं. पुढं शेड उतरवायच्या आधी जिनच्या मालकांनी, धाकट्या शेठजींनी, मला बोलावलं. मी गावचा शाळामास्तर. म्हणाले, जिनचा आणि आमच्या घराण्याचा इतिहास लिहा, छापू. मी हौसेनं लिहिला. आणि तिथंच — नाही, आधी आगीचं सांगतो.

एकदा कापसातून खडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली, रुई पेटली. आत बाया होत्या. तिथं कामाला असलेल्या सुखदेवबुवांनी पेटती रुई कवटाळून बाहेर ओढली. बाया वाचल्या, बुवांची बोटं कायमची आखडली. साऱ्या गावाला ठाऊक. मलाही. पण धाकटे शेठजी म्हणाले, आग आमच्या वडिलांनी विझवली असं लिहा. मी लिहिलं. धमकी नव्हती, लालूच नव्हती. समोर चहा होता, बसायला खुर्ची होती, आणि 'नाही' म्हणवलं नाही. एवढंच.

पुस्तक आलं, तसे बुवा ते घेऊन माझ्या ओसरीवर आले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"गुरुजी, आगीचं वाचून दाखवा न. माहं नाव कसं लिवलं, आयकू द्या."

काय करायला हवं होतं मी? पान धरलं आणि वाचलं — 'सुखदेव यांनी जिवाची पर्वा न करता...' त्यातलं एकही अक्षर पानावर नव्हतं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं, शब्दन् शब्द तसाच.

मग ते पुस्तक फडक्यात बांधून लग्नाकार्याला न्यायचे. दुरूनच दाखवायचे, हात मळके आहेत म्हणून कुणाला उघडू द्यायचे नाहीत.

त्यांची नात माझ्या वर्गात आली, चौथीत. एक दिवस तिला घेऊनच आले.

"पोरगी वाचून राह्यली, पण माहं नावच येत नाई. शिकवता का खेळवता तिले?" हसत होते. ती माझ्याकडे बघत होती, बोट आगीच्या ओळीवर ठेवून.

मी म्हणालो, "लहान आहे बुवा. तिले अजून बरोबर वाचता येत नाई."

तिनं बोट काढून घेतलं.

बुवा पुढं वारले, नाव छापलंय याच समाधानात. पण ती? माझ्या वर्गात तिच्याइतकं स्वच्छ वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवसानंतर मी वाचायला उठवलं की ती उभी राहायची, पुस्तक उघडायची — आणि वाचायची नाही. वर्षभर.