डाव्या मागच्या दारावरचे कुंकू

आयुष्यात मी इतके तक्रारअर्ज लिहिले आहेत की बडोद्यातल्या आमच्या मांजलपूरच्या टपाल कचेरीतील माणसे मला पाहताच रजिस्टरची पावती काढून ठेवतात. तुंबलेली गटारे, न पेटणारे दिवे, चुकीची करआकारणी, सोसायटीच्या गच्चीवर परवानगीवाचून ठोकलेला पत्रा – ज्या ज्या अन्यायाने माझे रक्त उसळले त्या प्रत्येकाखाली माझी सही आहे. एका गोष्टीवर मात्र मी आजवर अक्षर लिहिलेले नाही. पत्नीला सांगितली नाही, मुलाला नाही, देवघरात हात जोडतानाही मनाशी पुटपुटलो नाही. आपल्याला सांगतो आहे ते आपण मला ओळखत नाही म्हणून. ओळखणाऱ्यांनी माझ्यावर ठेवलेला विश्वास – सगळे त्यातूनच तर घडले.

आमचे पूर्वज बडोदे संस्थानाच्या फौजेत होते. ताठ मान हा आमच्या घराण्याचा गुण समजला जातो. माझ्या मानेने मात्र म्हातारपणी सूड उगवला. मणके झिजले. मान डावीकडे वळेना. गाडी मागे घेताना मी पाहतो ते केवळ आरशात, आणि आरसा सगळे दाखवतो असे कोण म्हणतो? मुलगा पुण्याहून फोनवर बजावीत असे, "बाबा, आणखी एक ओरखडा दिसला की किल्ली आईकडे." पत्नी काही बोलत नसे, पण मी बाहेरून आलो की भाजी घेण्याच्या निमित्ताने खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारी. निदान मला तरी तसे वाटे. जुन्या शहरात गाडी न्यायची नाही, असे तर मी दोघांनाही वचन दिले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते वचन मी मोडले. झेंडूची फुले आणि आपट्याची पाने आणायला जुन्या शहरातल्या लहरीपुऱ्यापर्यंत गाडी नेली – रिक्षाने जाता आले असते, पण रिक्षात बसलेला माणूस हा नेलेला माणूस असतो, आणि मला कोणी न्यावे हे मला सोसत नाही. एका बोळातून मागे येताना लोखंडी खांब लागला. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर खड्डा पडला, आणि पत्र्याची एक घडी आत दुमडली. फुलवाल्या बाईने पाहिले आणि तोंड फिरवले. मी घरी आलो, डावी बाजू भिंतीकडे ठेवून गाडी लावली, आणि वर जाऊन म्हटले, फुले छान मिळाली.

दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा. आमच्याकडे पत्नी ती करते – पुढे स्वस्तिक, हार, नारळ, आणि मग चारही दारांना कुंकवाचे एकेक बोट. मी मुद्दाम त्या दाराला पाठ टेकून उभा राहिलो. भिंतीच्या बाजूने तिने हात घातला, माझ्या मागून बोट ओढले, पुढे गेली. तिने पाहिले नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. नंतर तिच्या चेहऱ्याकडे कितीदा चोरून पाहिले! काही कळले नाही. त्या बाईच्या चेहऱ्यावरून मला लग्नानंतर कधीच काही कळलेले नाही.

आता हेतलविषयी सांगायला हवे.

आमच्या खालच्या मजल्यावर रमणभाई राहतात. हेतल त्यांची सून. विज्ञानाची पदवीधर, लाघवी, थोडी भित्री. डभोईच्या एका शाळेत तिला शिक्षिकेची नोकरी मिळत होती, दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर व्हायचे होते. बसने जाऊन घरच्या वेळा सांभाळता येणार नव्हत्या, म्हणून ती गाडी शिकली. सासऱ्यांची अट होती – गाडी नीट चालवता आली, तरच नोकरी. हे मला कसे माहीत? तिनेच लिफ्टमध्ये सांगितले होते, पेढ्याचा पुडा पुढे करीत. तिने त्या नोकरीसाठी काय पणाला लावले होते हे सोसायटीत मला जितके नेमके ठाऊक होते तितके दुसऱ्या कोणाला नव्हते. हे ध्यानात ठेवा.

कोजागरी होऊन गेली होती. सकाळी मी गाडी मागे घेत होतो, आणि ती फाटकातून आत येत होती – हळू, अगदी पायी चालल्यासारखी. थांबायला मी हवे होते. मी पाहिलेच नाही. तिच्या गाडीचा कोपरा माझ्या मागच्या बंपरला टेकला – टेकला हाच शब्द खरा आहे – आणि दोन्ही बंपरांवर नखाएवढी रेघ उमटली. एवढेच झाले. त्या बोळातल्या खांबाच्या मानाने तर काहीच नाही.

मी संतापून उतरलो. संताप खरा होता. मला तो कधी शोधावा लागत नाही. तीही उतरली. तिची नजर बंपरवरून सरकत त्या दारावर गेली, आणि तिने तोंडावर हात धरला.

"काका, आ माराथी थयुं?"

हे माझ्याकडून झाले का – असे ती मला विचारत होती. उत्तर माझ्यापाशी तयार होते: नाही, बेटा. दोनच शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, "मग कोणाकडून?"

आपण नीट पाहा. हे विधान नव्हे, हा प्रश्न आहे. मी एका कारखान्याच्या विधी विभागात उमर घालवली. असत्य विधान करू नये, ते केव्हा ना केव्हा पकडले जाते, हे तिथे शिकलो. त्या दिवसापासून या प्रकरणात मी एकही असत्य विधान केलेले नाही – आणि माझ्या हातून याहून मोठे खोटे कधी घडलेले नाही.

संध्याकाळी रमणभाई वर आले. गुजराती माणूस भांडण वाढवीत नाही, मिटवतो. चहा घेता घेता म्हणाले, "जवा दो ने, काका. आपण घरचीच माणसं. पतरुं हुं सरखुं करावी आपुं." पत्रा सरळ करून देतो म्हणाले. मोडक्या मराठीत, मोडक्या गुजरातीत आमचे संबंध इतकी वर्षे गोडीचे होते. एखाद्या सरळ माणसाने तिथेच हात जोडले असते. मला काय वाटले? मला वाटले, हा मनुष्य इतका गोड का बोलतो? याला काही कळले आहे काय? आज पत्रा सरळ करून देईल आणि उद्या सोसायटीभर सांगेल की म्हाताऱ्याने जुना खड्डा माझ्या गळ्यात मारला. चोराला प्रत्येक सावली शिपायाची वाटते म्हणावे, तर मी अजून स्वतःला चोर म्हणत नव्हतो. मी म्हणालो, "मला पैसे नकोत. मला लेखी कबुली हवी."

लेखी कशाला? न्यायासाठी नव्हे. पत्नीला दाखवायला, मुलाला फोनवर पाठवायला. किल्लीसाठी.

मी सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज केला. "टक्करीनंतर पाहणी केली असता डाव्या मागील दारावर खड्डा आढळून आला." खरे आहे, आढळून आला. "वाहन शिकाऊ अवस्थेतील व्यक्ती चालवीत होती." तेही खरे. एकेक वाक्य तपासले असते तर पुसण्याजोगे एकही सापडले नसते.

रविवारी कमिटी पाहणीला आली. खरे सांगायचे तर मी हरायलाच हवे होते. तिचा बंपर खाली, माझा खड्डा वर. टक्कर मागच्या बाजूला, खड्डा दारावर. उंचीचा प्रश्न निघाला तर काय बोलायचे ते मी घोकून आलो होतो. कोणी काढलाच नाही. अध्यक्ष जयेशभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि पाहणीआधीच निकाल देऊन टाकला, "काका तो कायदाना माणस. काका खोटुं ना बोले."

हेतल मात्र वाकली होती. तिने बोट त्या दुमडलेल्या घडीत घातले, बाहेर काढले, बोटाकडे पाहिले.

"आमां कंकु छे, काका," ती हळूच म्हणाली. यात कुंकू आहे.

कुंकू दसऱ्याचे, टक्कर कोजागरीनंतरची. खड्ड्याच्या आत कुंकू असेल, तर खड्डा आधीचा. या मुलीला कोणी कायदा शिकवला नव्हता. पण तिने माझा पुरावा एका बोटावर उचलून मला दाखवला होता. मी तिच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत आरोप नव्हता – निव्वळ कोडे होते, आणि ते सोडवायला ती माझ्याकडेच पाहत होती. आणि मी मोठ्याने विचारले, "का हो जयेशभाई, दसऱ्याला गाडीला कुंकू लावणे हा आपल्या गुजरातमध्ये गुन्हा आहे काय?"

लोक हसले. जयेशभाई सर्वांत मोठ्याने हसले. कोणीतरी म्हणाले, "काकाने ना पहोंचाय!" – काकांना कोण पुरे पडणार? रमणभाईंचा चेहरा लाजेने काळवंडला, ते सुनेवर ओरडले, "एक तो गाडी ठोकी, ने ऊपरथी दलील?" हेतलने ते बोट पदराला पुसले.

ती माणसे गेल्यावर मी खाली जाऊन जुन्या दातांच्या ब्रशने ती घडी घासून काढली. पाणी लाल झाले. हेही कोणी पाहिले नाही – की पाहिले? पहारेकऱ्याची खुर्ची रिकामी होती, पण ती गरम असावी असे मला वाटत राहिले.

कबुली मिळाली. तिने स्वतःच्या हाताने गुजरातीत लिहिली: माझ्या बेदरकारपणामुळे काकांच्या गाडीचे दार खराब झाले, मी दिलगीर आहे. तो कागद मी विजयाने पत्नीपुढे धरला. तिने चकल्यांचे हात पुसले, कागद वाचला. इतकेच म्हणाली, "अक्षर सुरेख आहे हो पोरीचं." आणि पुन्हा कढईकडे वळली. त्या एका वाक्याचा मी किती दिवस कीस काढला! यात काही खोच होती का? की केवळ अक्षराचे कौतुक? मुलाने मात्र उत्तर पाठवले – तुमची चूक नव्हती हे कळले, बरे वाटले.

रमणभाईंनी सुनेची किल्ली काढून घेतली. डभोईच्या शाळेला नकार कळवला गेला. हे मला कोणी सांगायला आले नाही. त्यांच्या दारातून येणारे रमणभाईंचे फोनवरचे बोलणे मी जिन्यातून ऐकले.

मला वाटले होते, आता ती मला टाळेल. टाळले असते तर मी तिच्यावर चिडू शकलो असतो. पण दिवाळीनंतर गुजराती नववर्षाच्या सकाळी, लहानांनी थोरांच्या पाया पडण्याच्या त्यांच्या रीतीप्रमाणे, ती आमच्या दारात आली. घुघऱ्यांची, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्यांची, ताटली पत्नीच्या हाती दिली, आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

"साल मुबारक, काका. भूलचूक माफ करजो."

ती माझी क्षमा मागत होती. मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. कोपऱ्यात एखादी तिरकस रेघ, एखादे दबलेले हसू – ते सापडले असते तर माझ्यासारखा सुखी माणूस नव्हता. सापडले नाही. मी म्हणालो, "असू दे, असू दे. सुखी राहा." माफ केल्यासारखे म्हणालो. ताटलीतले घुघरे मी खाल्ले नाहीत. त्यांतही मला काही संशय आला होता, कसला ते आज सांगता येत नाही.

दार दुरुस्त झाले. रंग असा जमला की कारागिरालाही जागा ओळखता येऊ नये. संशय मात्र दुरुस्त झाला नाही. जयेशभाई नमस्कार करताना उगाच हसतात का? लिफ्टमध्ये दोन बायका मला पाहून गप्प का झाल्या? रमणभाई आता माझ्याशी अधिक अदबीने का बोलतात? साऱ्या जगावर मी पाळत ठेवून होतो. ज्या घरात ठेवायला हवी होती तिथेच ठेवली नाही.

पुन्हा दसरा आला. पत्नीने स्वस्तिक काढले, हार घातला, एका दाराला बोट लावले, दुसऱ्याला, तिसऱ्याला. डाव्या मागच्या दारापाशी ती थांबली आणि कुंकवाची कोयरी माझ्या हातात दिली.

"ह्याला तुम्हीच लावा," ती म्हणाली. "गेल्या वर्षी माझं बोट अडकलं होतं तिथे."

आवाजात राग नव्हता. ती आरतीचे तबक घेऊन वर निघून गेली. म्हणजे तिला पूजेच्या दिवसापासून ठाऊक होते. कबुलीचा कागद तिच्यापुढे धरला, तेव्हाही ठाऊक होते. हेतल माझ्या पाया पडत होती, आणि ही ताटली हातात घेऊन शेजारी उभी होती.

मी बोट बुडवले आणि दारावरून ओढले. पत्रा गुळगुळीत होता. कुंकू कुठेही अडकले नाही. मागे फाटकापाशी हेतल रिक्षाची वाट पाहत उभी होती. तिने लांबूनच हात जोडले. मीही जोडले, लाल बोटानिशी.

खड्डा माझा होता. त्या सकाळची टक्करही माझ्याच चुकीने झाली. हेतलने काहीही केले नव्हते. तिची कबुली अजून माझ्या कपाटात आहे, आणि मी ती परत केलेली नाही. गाडीची किल्ली माझ्या खिशात असते. गाडी आजही मीच चालवतो.