पेटवायचं राहिलेलं विमान

जर्मनीतल्या डेसाऊ गावच्या हार्टविग लोबाखने चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्या. निवृत्त झाल्यावर तीच बारीक नजर घेऊन तो संगणकावर विमानं घडवायला बसला. तीही कुठली, तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन कारखान्यांनी कागदावर आखलेली आणि कागदावरच राहिलेली. जुन्या पुसट आराखड्यावरून तो पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट बसवायचा, पंखांवर ऊन पाडायचा. आकाश मात्र मोकळं ठेवायचा.

"यांनी कुणाचा जीव घेतला नाही, एवढं बरं," तो म्हणायचा.

"घ्यायलाच काढली होती ना पण?" बायको इर्मट्राउट विचारायची. त्यावर तो चष्मा पुसत बसायचा.

दिनदर्शिका छापणाऱ्या ब्रिंकमानला त्याचं एक चित्र आवडलं. "लोबाखसाहेब, काम झकास आहे. पण नुसतं विमान कोण बघणार? समोर एखादं अमेरिकन बॉम्बफेकी घाला, पेटलेलं. डिसेंबरचं पान तुमचं."

आपलं काम छापून येणार म्हणून हार्टविग हरखला. पुढचे तीन महिने त्याने ते दुसरं विमान घडवलं. त्याच्या शेपटीत काचेची खोली, आत बंदूकवाला. काच आरपार, तेव्हा माणूस हवाच. माणूस आला की चेहरा आला. हाताशी मेव्हण्याचा, डेटलेफचा, वाढदिवसाचा फोटो होता, तोच त्याने चिकटवला.

दुपारी इर्मट्राउट कॉफी घेऊन आली आणि संगणकाच्या पडद्याजवळ वाकली.

"हा आमचा डेटलेफ आहे की काय?"

"चेहरा नुसता. मिळत नव्हता दुसरा."

"आणि हे विमान पेटवणार तू?"

"ब्रिंकमानला तसं हवंय."

"वा! जन्मभर त्याच्या नावानं बोटं मोडलीस, आता जाळायलाच निघालास होय?"

हार्टविग हसला. त्याने चेहरा बदलून टाकला. जुन्या मासिकातला एक अनोळखी पोरगा घेतला, कान जरा पुढे आलेले, विशीचाही नसेल. मग ज्वाळा लावल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. धूर छान जमला होता. पण काचेमागे तो पोरगा बसलेलाच होता, आणि धूर त्याच्याच दिशेनं जात होता. हार्टविगने यंत्र बंद केलं आणि बागेत जाऊन विनाकारण गुलाब छाटले.

आठवड्याने त्याने चित्र पाठवलं. दोन्ही विमानं एल्बे नदीवरून आपापल्या वाटेनं चाललेली, आग कुठेच नाही.

ब्रिंकमानचा फोन आला. "अहो, यात लढाई कुठाय?"

"आपलं जर्मन विमान बांधलंच गेलं नाही, साहेब. लढणार कुठून?"

"लोकांना कळायला नको का, कोण जिंकलं ते?"

"ते लोकांना ठाऊक आहे. आणि बरं झालं तेच," हार्टविग म्हणाला.

डिसेंबरचं पान दुसऱ्याला गेलं. हार्टविग दोन दिवस संगणकाकडे फिरकला नाही. वाईट वाटलं होतं, नाही कसं वाटणार! तिसऱ्या दिवशी इर्मट्राउटनेच ते चित्र छापून आणलं, काचेच्या चौकटीत बसवलं आणि त्याच्या जुन्या ओळखीच्या दंतवैद्यांकडे नेऊन दिलं. आता ते तिथे, दाढ धरून बसलेल्यांच्या समोरच्या भिंतीवर लटकतंय. कंटाळलेली माणसं त्यातले रिव्हेट मोजतात.