भाव उतरेपर्यंत

पंढरीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. पाचला रेणापूरहून टेम्पो, सहाच्या आत लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात. आम्ही दोघांनी एकाच टोळीत एकतीस वर्षं हमाली केली. त्यानं लावलेली पोत्यांची थप्पी कधी कलली नाही. माझी दोनदा कलली.

दुसरं काम तो तितक्याच नेटानं करायचा, ते वाचन. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्माचा ग्रंथ तोच वाचायचा. शिक्षण सातवी. दिवसभर पोती वाहून आला तरी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसायचा. एक शब्द गाळायचा नाही.

साठीला काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. थेंब दिले. ते तो वेळेवर घालायचा, तरी अक्षर पुसट होत गेलं. त्याची मुलगी ज्योत्स्ना कंधारला शाळेत शिकवते. तिनं एका सुट्टीत सोबतच्या बाईंचं पुस्तक वाचायचं यंत्र आणलं. पाटीपेक्षा लहान, हलकं, मोबाइलसारखं डोळ्यांत न टोचणारं. ग्रंथ त्यात भरून अक्षर मोठं करून दिलं. पंढरीनं सबंध पान वाचलं. पुन्हा वाचलं.

किंमत चौदा हजार. हमालीचा फंड नुकताच हाती आला होता. ज्योत्स्ना त्याच दिवशी मागवणार होती. पंढरी नको म्हणाला. हंगामाच्या सुरुवातीला माल घ्यायचा नसतो, हे त्यानं मोंढ्यात जन्मभर पाहिलं होतं.

"आवक वाढू दे," तो म्हणाला. "भाव उतरंल."

उतरला. दिवाळीत बारा हजार झाला. मग तो दर सोमवारी फोन करून, तुरीचा विचारावा तसा, यंत्राचा भाव विचारू लागला. पुढच्या वर्षी नवा नमुना आला आणि जुना साडेनऊवर आला. मी म्हणालो, घे आता. पडत्या भावात कोण घेतं, असं त्याचं म्हणणं. तूर तळ गाठून वर फिरते, तेव्हा कधी घ्यायचं ते कळतं. हा भाव वर फिरतच नव्हता. ते त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

एकदा ज्योत्स्ना माझ्यासमोरच म्हणाली, "बाबा, भाव उतरून राहिलाय, तशी तुमची नजर बी उतरून राहिली."

"नजर एवढ्यात जात न्हाई. दोन हजार कमवायला किती पोती वाहावी लागतात, तुला म्हाईत हाय?"

तिला माहीत होतं. तिची डी.एड.ची फी त्याच पोत्यांतून गेली होती.

तिसऱ्या वर्षी भाव साडेसहावर आला, तेव्हा तिनं न विचारता मागवलं. वर्षावास आठवड्यावर आला होता. एव्हाना पंढरीची नजर नळीतून पाहावं एवढीच उरली होती. अक्षर लहान ठेवलं तर कळेना. मोठं केलं तर एका वेळी एकच दिसे. अर्ध्या ओळीपर्यंत पोचेतो सुरुवात हरवायची. तासभर त्यानं नेट लावला. मग यंत्र सदऱ्यानं पुसून खोक्यात घातलं.

विहारात आता बँकेतला आदर्श नावाचा पोरगा वाचतो, मोबाइलवरून, घाईनं. पंढरी पुढे बसतो. शब्द गळला की त्याची मान हलते.

यंत्र परत गेलं, पैसे परत आले. एकतीस वर्षांच्या हमालीच्या फंडातून शेवटी त्याच्या हाती आली ती घडीची पांढरी काठी, आणि उरलेल्या पैशांत थेंब.